ऑनलाइन खरेदी आणि डिजिटल सेवा: गोव्यात लोक का वळतात, का कचरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येत राहतात. एक, घरच्यांना मोबाइलवरून व्यवहार शिकवू पाहणारे. दोन, गिऱ्हाईक कुठे चाललं या काळजीत असलेले दुकानदार. तीन, याच विषयावर प्रकल्प करणारे कॉलेजचे विद्यार्थी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. “ऑनलाइन” म्हणताना तुम्ही काय काय धरता?

वस्तू मागवणं, यूपीआयने पैसे देणं, वीजबिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं, बँकेचं ॲप, डिजिलॉकर, सरकारी दाखले, ॲपवरून टॅक्सी. ही सगळी एकाच माळेत ओवली तर गोंधळ होतो. रोज पाच वेळा क्यूआर स्कॅन करणारा माणूस आयुष्यात एकदाही साडी किंवा मिक्सर ऑनलाइन घेत नाही, असं सर्रास दिसतं. का, ते प्रश्न ५ मध्ये.

२. लोक ऑनलाइन घेतात ते स्वस्त मिळतं म्हणूनच ना?

पहिल्यांदा घेतात ते बऱ्याचदा स्वस्त म्हणून. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेतात त्यामागे वेगळी कारणं असतात.

गोव्यात त्यातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे निवड. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, म्हणजे मोठ्या शहरातल्या एखाद्या उपनगराएवढी. इथला दुकानदार खपतं तेच ठेवणार. अकरा नंबरची चप्पल, जुन्या मिक्सरचं भांडं, स्पर्धा परीक्षेचं नेमकं पुस्तक वाळपईत किंवा काणकोणात मिळेलच असं नाही. पूर्वी पणजी किंवा मडगाव गाठायचं, तिथेही नाही मिळालं तर कोणी बेळगावला जाणार असेल त्याच्याकडे सांगायचं. लग्नाच्या बस्त्यासाठी बेळगाव गाठणारी घरं आजही आहेत. बसभाडं आणि बुडालेला दिवस हिशेबात धरला, तर ऑनलाइन वस्तू पन्नास रुपयांनी महाग असली तरी परवडते.

दुसरं कारण सवय. पत्ता आणि पैसे देण्याची पद्धत एकदा ॲपमध्ये बसली की पुढची खरेदी विचार न करता होते. तिसरं कारण म्हणजे शेजारच्या कोणीतरी मागवलं, सुखरूप आलं, न आवडलेलं परतही गेलं. ही बातमी वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जाहिरातीपेक्षा लांब पोचते.

आणि स्वस्ताईबद्दल एवढंच: शेवटच्या पानावरची बेरीज बघा. डिलिव्हरी, हाताळणी, पॅकिंग अशी रक्कम तिथे वाढलेली असते. शिवाय मडगावच्या दुकानातून घेतलेला फ्रिज बिघडला तर दुकानदाराला तोंडावर विचारता येतं. त्याचीही काही किंमत आहे, ती ॲपवर लिहिलेली नसते.

३. आई दिवसभर व्हॉट्सॲपवर असते, पण मोबाइलवरून पैसे द्यायचं म्हटलं की फोन माझ्या हातात देते. तिला जमत नाही की तिला नको आहे?

बहुधा जमतं. व्हॉइस मेसेज, व्हिडिओ कॉल, चवथीचे (गणेश चतुर्थीचे) फोटो पुढे पाठवणं हे करणाऱ्या बाईला यूपीआयचे चार टप्पे अवघड नाहीत. फरक चुकीच्या किमतीत आहे. चुकीच्या ग्रुपवर फोटो गेला तर लोक हसतात. चुकीच्या खात्यात पाच हजार गेले तर ते कोणाकडे मागायचे, हे तिला माहीत नाही. बँकेत खिडकीपलीकडे एक चेहरा असतो, तो ओरडतो पण असतो. ॲपमध्ये तो नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. आईने ते कधी वाचलेलं नाही, पण तिचा हिशेब तोच आहे.

म्हणून तिला “सोपं आहे गं” सांगून फारसा उपयोग होत नाही. नुकसानीची मर्यादा आधी आखून दाखवा. एक वेगळं बचत खातं उघडा, त्यात दोन-तीन हजारच ठेवा आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. पेन्शनचं आणि मुदत ठेवींचं खातं मोबाइलपासून लांब. मग पहिला व्यवहार तिच्या बोटांनी होऊ द्या, तुम्हालाच एक रुपया पाठवायला सांगा. शिकवणारा स्वतःच बटणं दाबत सुटतो, हा सगळीकडचा दोष आहे. पिन तुम्हीच टाकत असाल तर प्रश्न २२ जरूर वाचा.

४. यूपीआय घरोघरी आलं, तरी लोक कॅश ऑन डिलिव्हरी का मागतात?

कारण त्यात धोका विक्रेत्याकडे सरकतो. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही सोय आणली तेव्हा कार्डं थोड्यांकडे होती. आता पैसे देण्याची साधनं प्रत्येकाकडे आहेत, तरी “वस्तू दाराशी आली की बघू” ही वृत्ती टिकून आहे. अनोळखी विक्रेता असेल तर ती शहाणपणाचीच आहे.

मात्र तिचं संरक्षण लोक समजतात तेवढं नाही. बहुतेक वेळा खोकं उघडण्याआधी पैसे द्यावे लागतात, त्यामुळे आत साबण निघाला तरी पैसे गेलेलेच असतात. आणि न मागवलेलं पार्सल घरी पाठवून म्हाताऱ्या माणसांकडून चारपाचशे रुपये उकळण्याचा प्रकारही चालतो. घरात एक नियम ठेवा: ज्याने मागवलं त्याला फोन केल्याशिवाय पार्सल घ्यायचं नाही.

५. मासळी बाजारातल्या बाईकडेही क्यूआर आहे. मग तीच बाई आणि तिचं गिऱ्हाईक ऑनलाइन खरेदी का करत नाहीत?

या प्रश्नात बाकीच्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर.

क्यूआरने पैसे देताना बाकी सगळं जुनंच राहतं. मासळी समोर असते, विकणारी ओळखीची असते, भावाची घासाघीस तोंडी होते. बदलतो तो फक्त शेवटचा क्षण, नोटेऐवजी फोन. ऑनलाइन खरेदीत मात्र विक्रेता दिसत नाही, माल दिसत नाही, पैसे आधी जातात आणि वस्तू नंतर येते. एकाच उडीत चार अनोळखी गोष्टी.

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचे पाच गुण सांगितले: आधीपेक्षा फायदा, जुन्या सवयींशी जुळणं, सोपेपणा, थोडं करून बघण्याची सोय आणि दुसऱ्याने केलेलं दिसणं. यूपीआय पाचही ठिकाणी उतरतं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. एक रुपया पाठवून बघता येतो. आणि दिसण्याच्या पुढे जाऊन ते ऐकू येतं: तो छोटा स्पीकर “साठ रुपये मिळाले” असं मोठ्याने बोलतो. वाचता न येणाऱ्या विक्रेतीला त्या आवाजाने खात्री दिली आणि रांगेतल्या दहा जणांना न सांगता शिकवलं. माझ्या मते बाजारात यूपीआय रुजवण्यात या स्पीकरचा वाटा जाहिरातींपेक्षा मोठा आहे.

परिस्थितीचाही हात होता. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क शून्य झालं, पाठोपाठ कोविडमध्ये नोटांना हात लावायची भीती. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या एका महिन्यात २००० कोटींच्या वर गेली. वस्तूंच्या खरेदीला असा एकामागून एक धक्का मिळालेला नाही.

६. आमच्या वाड्यावर डिलिव्हरीवाला पोचतच नाही. “पत्ता सापडला नाही” म्हणून वस्तू परत जाते. काय करायचं?

गोव्यातला पत्ता माणसांना कळतो, यंत्राला कळत नाही. घर क्रमांक पंचायतीचा, पण रस्त्याने ओळीत लागेलच असं नाही. त्याच्याखाली वाड्याचं नाव, आणि त्याच नावाचा वाडा शेजारच्या गावातही. पोस्टमन आडनावावरून घर ओळखतो. परप्रांतातून नुकता आलेला मुलगा देवळाच्या मागे, पिंपळापुढे, डावीकडच्या पायवाटेने कसा येणार? वर पावसाळा.

पत्त्यात वाडा, पंचायत, तालुका आणि ४०३ ने सुरू होणारा बरोबर पिन कोड लिहा. ॲपमधल्या नकाशावर खूण घरावर ठेवा, रस्त्यावर नको. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे: दहा अक्षरी संकेत, साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा दाखवतो. तो सर्व कंपन्या वाचत नाहीत, पण डिलिव्हरीवाल्याला पाठवून ठेवायला हरकत नाही. बऱ्याच गावांत लोकांनी स्वतःच तोडगा काढला आहे, डांबरी रस्त्यावरच्या पसऱ्याचा (छोट्या दुकानाचा) पत्ता देतात. पसरेकाराला आधी विचारा, आणि महाग वस्तू तिथे उतरवू नका.

७. रेंजच नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय?

काही नाही, हे खरं उत्तर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या काही गावांची मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर जाऊन बसत होती. अशा गावातल्या माणसाला “डिजिटल व्हायला का कचरतोस” असं विचारणं हा उद्धटपणा आहे. आणि टॉवर आला की गावातलेच काही लोक आरोग्याच्या भीतीने विरोध करतात, तोही गोव्यातला नेहमीचा वाद.

इंटरनेट नसलं पण कॉल लागत असेल तर दोन वाटा आहेत. *९९# हा बँकिंगचा क्रमांक साध्या फोनवरही चालतो. मार्च २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे कॉल करून वापरता येतं. दोन्हींची आधी बँकेशी नोंदणी करून, घरी बसून एकदा सराव करा. आणि खिशात थोडे रोख ठेवा. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये देशभर काही वेळा यूपीआय बंद पडलं होतं, तेव्हा पणजीतल्या पूर्ण रेंजचाही उपयोग नव्हता.

८. भाषेमुळे किती फरक पडतो? गोव्यात तर बहुतेक सगळे शिकलेले.

२०११ मध्ये राज्याची साक्षरता ८८.७० टक्के होती, तरीही फरक पडतो. घरी कोकणी बोलणारा, वर्तमानपत्र मराठी वाचणारा माणूस ॲप इंग्रजीत वापरतो आणि अडतो. तो अडतो तेही नेहमीच्या पानांवर नाही. नेहमीची बटणं चित्रावरून ओळखतात. चूक झाली, पैसे अडकले, परतावा मागायचा, तेव्हा समोर येणारा इंग्रजी मजकूर त्याला कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच कळणं गरजेचं असतं. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांची मांडणी मराठीत मिळते, पण त्यातलं काही मराठी असं आहे की इंग्रजी बरं वाटावं. हेल्पलाइनवर मराठीत किंवा हिंदीत बोलायचा पर्याय मिळाला तर तो घ्या. अर्धवट इंग्रजीत तक्रार करू नका, तपशील निसटतात.

९. वय झालं की माणूस नवं शिकत नाही, हे खरं का?

वयामुळे वेग कमी होतो, नजर आणि बोटं त्रास देतात, हे खरं. शिकायचं थांबतं हे खरं नाही. ज्यांचा मुलगा आखातात, इंग्लंडमध्ये किंवा बोटीवर आहे अशा घरांत सत्तरीतली माणसं सराईतपणे व्हिडिओ कॉल करतात, कारण त्याशिवाय नातवाचं तोंड दिसत नाही. गरज खरी असली की शिकणं आपोआप होतं. अशा घरांत वस्तूही बहुतेकदा मुलगाच तिकडून मागवतो. आईवडील ती उतरवून घेतात, आणि सहा महिन्यांनी वडील स्वतः औषधं मागवायला लागतात.

१०. बायकांच्या बाबतीत काही वेगळं आहे का?

आहे, आणि सर्वेक्षणाच्या रकान्यात ते नीट येत नाही. गावातल्या कापडाच्या दुकानात काउंटरमागे पुरुष असतात. अंतर्वस्त्रं, मोठ्या मापाचे कपडे, सॅनिटरी पॅड या वस्तू कोणाच्या नजरेखाली न येता घेता येणं हा कित्येक बायकांसाठी ऑनलाइनचा पहिला खरा फायदा ठरला. सवलत त्यानंतर.

उलट बाजू अशी की फोन बाईचा असला तरी बँकेत दिलेला नंबर नवऱ्याचा, म्हणून ओटीपी त्याच्याकडे जातो. मग प्रत्येक खरेदीला विचारणं आलं. राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, निदान त्या खात्याला तरी स्वतःचा नंबर जोडून घ्या. बँकेत अर्ज करून होतं.

११. मासळी, भाजी, पाव या गोष्टी ऑनलाइन का फारशा चालत नाहीत?

शहरातल्या फ्लॅटमध्ये, दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात चालतात. पर्वरी, ताळगाव भागात मासळीही घरपोच मागवतात. इतरत्र नाही, कारण मासळी बघून, कल्ले उचलून, भाव पाडून घ्यायची असते. बांगडा सकाळचा की कालचा हे फोटोत कळत नाही.

पावाचं कारण वेगळं. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज हॉर्न वाजवत दारात येतो. घरपोच सेवा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ॲपने त्यात नवं काय द्यायचं? चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचं) सामान बघा: आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस, रानातली फळं. सत्तरी तालुक्यातल्या बायका ती बाजारात घेऊन बसतात. मखर, दिव्यांच्या माळा, कपडे तेच घर ऑनलाइन मागवतं. एकाच सणात, एकाच घरात दोन्ही रीती चालतात. “पारंपरिक ग्राहक” आणि “आधुनिक ग्राहक” अशी माणसांची विभागणी करणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

१२. स्टार आणि रिव्ह्यू बघून वस्तू घ्यावी का?

बघावेत, मोजू नयेत. पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले बाजूला ठेवा, तीन स्टारवाले वाचा. त्यांत फायदे-तोटे दोन्ही असतात. ग्राहकांनी काढलेले फोटो आणि तारखा पाहा. एकाच आठवड्यात ओळीने कौतुक आलं असेल तर सावध व्हा. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक काढलं, पण ते आणलं ते ऐच्छिक म्हणून.

१३. “फक्त दोनच शिल्लक”, “दहा मिनिटांत ऑफर संपणार” हे खरं असतं का?

कधी खरं, पुष्कळदा नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी आणली. खोटी घाई, न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटी उघड होणारे शुल्क, सहज घेता येणारं पण रद्द न होणारं सदस्यत्व हे त्यांतले. आधीच टिक केलेल्या चौकटीला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही परवानगी नाही.

ज्याला एकदा असं गंडवलं तो पुढे चांगल्या ॲपवरही विश्वास ठेवत नाही. घाईने एक विक्री मिळवणाऱ्या कंपन्या पुढच्या दहा घालवतात, आणि नंतर “ग्राहक का कचरतो” यावर अहवाल मागवतात.

१४. खराब वस्तू आली आणि परत घेत नाहीत. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव ॲपवर असलंच पाहिजे, त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं आहे. सदोष वस्तू, वर्णनापेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. “रंग आवडला नाही” हे मात्र कायद्याचं कारण नाही. तिथे कंपनीचं धोरण चालतं, म्हणून घेण्याआधी ते वाचा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, बंगळुरूच्या कंपनीसाठी बंगळुरूला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा. अर्धी प्रकरणं पुराव्याअभावी लंगडी पडतात.

१५. दुकानात पैसे कापले गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. गेले का?

नाही. दुकानदाराला दिलेले यूपीआयचे अडकलेले पैसे पाच दिवसांत, आणि व्यक्तीला पाठवलेले दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. व्यवहाराचा क्रमांक देऊन बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

१६. ओटीपी मीच सांगितला. आता बँक काही करेल का?

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उत्तर मग वाचा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, आणि ते तासा-दोन तासांत ठरतं. सोबत बँकेलाही कळवा, सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा.

आता नियम. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसणं सर्वांत महागात पडतं. घरात कोणी फसलं तर आधी रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत.

दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि व्हिडिओ कॉलवरून अटक होत नाही, “डिजिटल अटक” असा प्रकारच कायद्यात नाही.

१७. इन्स्टाग्रामवरच्या ताईकडून साड्या घेतल्या. तिलाही हेच नियम?

नियमितपणे धंदा करत असेल तर ती विक्रेतीच आहे, ग्राहक कायदा लागू होतो. एखाद्याने घरातली जुनी सायकल सहज विकली तर ई-कॉमर्स नियम लागत नाहीत. पण खरी अडचण नियमाची नाही, शोधण्याची आहे. खातं बंद झालं की माणूस गेला. ओळखीच्या ओळखीतून घ्या, आणि पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. चांगल्या गृहउद्योगांनाही हा संशय सोसावा लागतो, त्याला इलाज नाही.

१८. दाखले ऑनलाइन झाले, तरी लोक मामलेदार कचेरीत का दिसतात?

जमिनीचा एक-चौदाचा उतारा घरबसल्या निघतो, तो लोक काढतात. तिथे अर्जदार आणि कागद यांच्यामध्ये कोणी नाही. उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला सरकारच्या गोवा ऑनलाइन पोर्टलवरून मागता येतो, पण अर्ज पुढे कोणत्या टेबलावर आहे, काय राहिलं, हे विचारायला माणूस लागतो. एकदा “कागद अपुरे” म्हणून अर्ज परत आला की माणूस पुढच्या वेळी सरळ बस पकडतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचंही तेच. जीवन प्रमाण ही त्याची डिजिटल सोय २०१४ पासून आहे, तरी नोव्हेंबरमध्ये बँकेत रांग असते. काहींचा अंगठा उमटत नाही, आणि काहींना, स्पष्टच सांगायचं तर, त्या निमित्ताने जुने सहकारी भेटतात.

१९. टॅक्सीचं ॲप गोव्यात का रखडतं? लोकांना नको आहे का?

प्रवाशांना हवं आहे. गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या आधाराने सुरू झालं आणि तेव्हापासून टॅक्सी संघटनांचा विरोध चालू आहे. ओला-उबरला इथे पाय रोवता आले नाहीत. टॅक्सीवाल्याच्या बाजूने पाहिलं तर किनाऱ्यावरचा चार महिन्यांचा हंगाम, गाडीचा हप्ता आणि स्टँडवरचा नंबर हे त्याचं सगळं भांडवल. ॲप त्यातला नंबर मोडतं. म्हणजे सेवा रुजणं न रुजणं एकट्या ग्राहकाच्या हातात नसतं. देणाऱ्याचं पोट कुठे बांधलेलं आहे तेही पाहावं लागतं.

२०. माझं गावात किराणा दुकान आहे. मीही ॲप काढू का?

नको. तुमच्याकडे आहे ते कंपन्यांकडे नाही: उधारीची वही, ओळख, आणि खराब निघालेली डाळ बदलून देणं. व्हॉट्सॲपवर यादी घ्या, संध्याकाळी पोचवा, क्यूआर ठेवा. पुढे कधी मोठ्या ॲपवर राज्यातल्या राज्यात माल विकावासा वाटला, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालच्या लहान विक्रेत्यांना त्यासाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, फक्त नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. बारकावे लेखापालाला विचारा.

२१. एम.कॉम.चा प्रकल्प आहे. कोणतं मॉडेल घेऊ, आणि प्रश्नावली कशी भरून घेऊ?

फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकार मॉडेल सर्वांत सुटसुटीत: उपयोग वाटणं आणि सोपं वाटणं. त्यांच्या निष्कर्षात उपयोगाचं पारडं सोपेपणापेक्षा जड होतं. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या मॉडेलने आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि पूरक सोयी जोडल्या, २०१२ च्या सुधारित आवृत्तीने मजा, किंमत आणि सवय. ऑनलाइन खरेदीसाठी विश्वास आणि धोका यांशिवाय चालणार नाही, ते पॉल पावलू यांनी २००३ मध्ये डेव्हिसच्या चौकटीत बसवले आहेत. मी असतो तर यांत एक रकाना वाढवला असता: “बिघडलं तर कोणाकडे जाल हे तुम्हाला माहीत आहे का?”

मात्र मॉडेलपेक्षा नमुना जास्त घोटाळा करतो. गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर फिरवली की फॉर्म भरतात तुमच्याच वर्गातली, आधीच ऑनलाइन असलेली मुलं. त्यावरून “गोव्यातल्या ग्राहकांची तयारी” काढणं म्हणजे तरंगणाऱ्यांना विचारून नदीची खोली मोजणं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, केप्याच्या बसस्टँडवर कागद घेऊन उभे राहा. न वापरणाऱ्यांना का नाही ते विचारा, आणि वापरून सोडलेल्यांना तर आवर्जून. “इच्छा आहे का” याच्या जोडीला “गेल्या महिन्यात काय घेतलं” हेही विचारा. दोन उत्तरांत बरंच अंतर निघतं.

२२. आईच्या खात्याचा पिन माझ्याकडे आहे, तिचे व्यवहार मीच करतो. चालेल ना?

घरोघरी चालतं, पण नियमाने पिन दुसऱ्याला देणं हा निष्काळजीपणा ठरतो. उद्या खरीच फसवणूक झाली तर बँक तेच पुढे करेल (प्रश्न १६). ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली यूपीआय सर्कल ही सोय यापेक्षा बरी. त्यात तुमचं खातं मुख्य राहतं आणि आई स्वतःच्या फोनवरून त्यातून पैसे देते, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार, एका वेळी ५ हजारांपर्यंत. हवं तर प्रत्येक व्यवहार तुम्ही मंजूर करायचा, असंही ठेवता येतं. उलट, आईच्याच खात्यातून तिच्या वतीने व्यवहार करायचे असतील तर बँकेत जाऊन संयुक्त खातं किंवा लेखी अधिकारपत्र करून घ्या.